कूसलुओतोचं प्रतीक्षालय

सिनिक्काने पहार नुसती टेकवली होती, जोर असा लावलाच नव्हता. तरी ती घराच्या भिंतीच्या सर्वांत खालच्या ओंडक्यात, ओल्या पिठात बोट रुतावं तशी, वीतभर आत गेली. बाहेर काढली तर टोकाला तपकिरी भुसा चिकटून आलेला, आणि वास कुजलेल्या पाचोळ्याचा. ती जरा पुढे सरकली, पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. थेट कोपऱ्यापर्यंत तेच.

"काय गं, उंदीर शोधतेस?" धक्क्यावरून वेइयोने विचारलं. तिचा धाकटा भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून बोटीची साखळी सोडवत होता.

"काही नाही," ती म्हणाली. पहार गवतात ठेवली आणि जोत्यावरची काढलेली फळी पुन्हा जागच्या जागी बसवली.

सप्टेंबर सरत आला की सालोवारा कुटुंबाची बेटावर इर्जिक व्हायची, सगळ्यांनी मिळून कामं उरकायची. बोट वर ओढायची, पाण्याचे पाइप रिकामे करायचे, गाद्या उंदरांपासून वर टांगायच्या, आणि घराला हिवाळ्यापुरता निरोप द्यायचा. सकाळी आत शिरताना स्वयंपाकघरातली जमीन पायाखाली दबल्यासारखी वाटली, म्हणून सिनिक्काने बाहेरून फळी उचकटून पाहिली होती. दर उन्हाळ्यात छपराला डांबर तिनेच लावलेलं, खिडक्यांच्या फटी तिनेच बुजवलेल्या. घराला काय दुखतं ते तिला न विचारता कळायचं. पण फळीमागे तिने इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. वरून सगळं धडधाकट दिसत होतं ना.

आणि आज दुपारी शहराहून ती संग्रहालयाची बाई यायची होती. घर मागायला.

घर मूळचं इथलं नव्हतंच. खाडीपलीकडच्या कूसलुओतो बेटावर, विमानं अजून लाकडाची आणि कापडाची होती त्या काळात, पाण्यावरचं विमानतळ होतं. उन्हाळ्यात विमानं पाण्यावर उतरत, हिवाळ्यात खाली घसरपट्ट्या लावून बर्फावर. सिनिक्काचे आजोबा, उर्हो सालोवारा, तिथे उतारूंना होडीतून विमानापर्यंत नेत-आणत, आणि आजी एल्मा प्रतीक्षालयात चूल पेटती ठेवी. मग शहराबाहेर डांबरी धावपट्टी झाली आणि कूसलुओतो बंद पडलं. त्याच हिवाळ्यात आजोबांनी प्रतीक्षालय विकत घेतलं, ओंडके सुटे करून त्यांच्यावर खुणा केल्या, आणि घोड्याच्या घसरगाडीवरून, गोठलेली खाडी ओलांडून इथे आणलं. सिनिक्काची आई तुओवी याच घरात वाढली, मामा इथेच जन्मला. आता कूसलुओतोवर जुन्या विमानतळाचं जतन चाललं होतं. धक्का दुरुस्त झाला होता, विमानं वर ओढायचा उतार मोकळा झाला होता. नव्हतं ते फक्त हे घर.

जेवणाच्या टेबलाशी एन्सिओमामा टाय लावून बसला होता.

"मामा, विमान पकडायचंय का?" हात पुसत आत येताना वेइयो म्हणाला.

"विमानतळावर बसलोय, तर शोभायला नको?" मामाने टायची गाठ सारखी केली. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवल्याने त्याचं साधं वाक्यसुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखं यायचं. "बाई यायच्या आत आपलं एकमत झालेलं बरं. परक्यांसमोर भांडण नको."

"माझं मत तुला माहीत आहे," वेइयो म्हणाला. "देऊन टाका. त्या जागी एक छोटं घर बांधू. विजेचं. माझ्या बायकोला चाळीस वर्षांत इथे एकदा तरी गरम पाण्याने केस धुता यावेत."

"न्हाणीला बाहेर सौना आहे की," सिनिक्का म्हणाली.

"सौना आहेच गं. तो तापायला दोन तास, आणि तोवर तुझी बोलणी."

तुओवी खिडकीपाशी बसून बटाट्यांची कोवळी सालं खरवडत होती. ती शहाऐंशीची होती. घर निम्मं तिचं, निम्मं एन्सिओचं. दोघांच्या होकाराशिवाय काही होणार नव्हतं. पण वसंतात विषय निघाल्यापासून तिने तोंडातून ब्र काढला नव्हता.

"मी सांगते ते ऐका," सिनिक्का म्हणाली. "ती माणसं हे घर नेतील, पॉलिश करतील, आणि दारात पाटी लावतील. मग आपणच तिकीट काढून आत जायचं?"

"बाबांचं नाव असेल पाटीवर," एन्सिओ म्हणाला. "त्यांनी हे वाचवलं म्हणून आज ते आहे. नाहीतर लोकांनी सरपणाला नेलं असतं. त्यांना वेड होतं विमानांचं. ते जिथलं तिथे परत जाणं यात त्यांचाच मान आहे, सिनिक्का."

"आणि या छपराला वीस वर्षं डांबर कुणी लावलं?"

"तू," वेइयो म्हणाला. "आणि वीसही वर्षं ऐकवलंस."

तुओवी मान वर न करता म्हणाली, "पाणी उकळलं का बघ."

सिनिक्का उठली. चुलीशी जाताना पायाखालची फळी पुन्हा खाली गेली. आत्ता बोललं तर वेइयो म्हणणार, बघ, घर कुजलंय, देऊन टाक. बाई येऊन जाऊ दे, मग पाहू.

बाई आली ती स्वतःच मोटरबोट हाकत. नाव इलोना राइताला, चाळिशीची, रबरी बूट आणि जुना स्वेटर. दारातच तिने बूट काढले आणि मोज्यांनी आत आली. सिनिक्काला तिचा राग यायला हवा होता. पण बाईने काही बोलायच्या आधी भिंतीवर तळवा टेकवला, आजारी गाईच्या पाठीवर टेकवावा तसा, आणि तो राग जिथल्या तिथे राहिला.

"तिकिटाची खिडकी इथे होती ना?"

"आता ताटं ठेवतो तिथे," एन्सिओ म्हणाला.

"आणि काटा? माणसाला सामानासकट तोलायचे. वजन जास्त भरलं तर कुणालातरी मागे ठेवायचे."

"दारामागे," तुओवी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "लोण्याचा एक जाडा व्यापारी यायचा. दर वेळी बूट काढून काट्यावर चढायचा. आई म्हणायची, साहेब, कोट काढा, बूट काढा, पण पोट कुठे ठेवाल?"

इलोना हसली. मग कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला. ती बोलू लागली तसा तिचा सूर मऊ आणि उत्सुक होत गेला. अशी लाकडी प्रतीक्षालयं सगळीकडे होती, पण जवळजवळ सगळी गेली. शाळेतली मुलं विमानतळ म्हटलं की काच आणि सरकते जिने डोळ्यांपुढे आणतात. त्यांना दाखवायला हवं की हे सगळं एका खोलीत, एका चुलीभोवती सुरू झालं.

एन्सिओ मान डोलावत होता. सिनिक्काने कप खाली ठेवला.

"घर नेलंत तर जसंच्या तसं नेणार?"

"विमानतळ चालू होतं तेव्हा जसं होतं, तसं," इलोना म्हणाली.

"म्हणजे काय काय काढणार?"

बाईने पावाचा तुकडा बशीत परत ठेवला. पण खोटं बोलली नाही. पुढची पडवी नंतरची, ती जाईल. स्वयंपाकघर नंतरचं, ते जाईल. आतली मधली भिंत जाईल. "आणि तो निजायचा कोनाडा. तिथली भिंत कापून नंतर खिडकी पाडलीय. ती आम्ही बुजवू. तेवढे ओंडके नवे घालावे लागतील. नुकसान बरंच झालंय तिथे."

"नुकसान?" एन्सिओ म्हणाला.

"म्हणजे, मूळ भिंतीचं."

एन्सिओ उठला आणि कोनाड्यापाशी गेला. भिंतीतल्या त्या पलंगाएवढ्या जागेवर आता पाहुण्यांची पांघरुणं रचलेली असत. त्यामागे छोटी, बुटकी खिडकी होती, नीट चौकोनीसुद्धा नाही.

"मी सहा वर्षांचा असताना माझ्या पाठीच्या कण्याला क्षय झाला," तो म्हणाला. वर्गात बोलायचा तो सूर गेला होता. "डॉक्टरांनी सांगितलं, उताणं पडून राहायचं. हलायचं नाही. दोन हिवाळे मी इथे पडून होतो, या फळीवर, आणि डोळ्यांपुढे ही भिंत. एके दिवशी बाबा करवत घेऊन आले. कुणाला विचारलं नाही, मोजमाप नाही. आईने विचारलं, अहो, भर थंडीत घराला भोक काय पाडता? ते म्हणाले, पोराला बाहेरचं दिसू दे." त्याने चौकटीवरून अंगठा फिरवला. "हे नुकसान नाही, बाई."

इलोना ओशाळली. "चुकीचा शब्द वापरला मी."

"शब्द बदलून काय होणार? बुजवणार तर आहातच."

एन्सिओ परत टेबलाशी आला, पण बसला नाही.

"मग माझा नकार समजा."

"मामा," वेइयो म्हणाला, "वसंतापासून तूच सगळ्यांच्या कानांशी भुणभुण लावलीस. तूच या बाईंना बोलावलंस. आणि आता एका खिडकीपायी?"

"हो. एका खिडकीपायी."

"आणि वाचनालयात जे भाषण ठोकलंस, आपला वारसा वगैरे, ते?"

"वेइयो, तुझं केस धुण्याचं पाणी कुठे पळून जात नाही."

"दोघंही गप बसा," तुओवी म्हणाली. "पाहुणी आलीय."

सिनिक्काला आता आनंद व्हायला हवा होता. ज्याच्या होकाराची तिला धास्ती होती तोच तिच्या बाजूला आला होता. मामाने तिच्याकडे पाहिलंही, 'बघ, तुझंच खरं' अशा नजरेने. तिला मात्र सकाळचा तो कुजका वास आठवला. ती गप्प राहिली असती तर घर राहिलं असतं. आणखी आठ-दहा वर्षं. मग एखाद्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराखाली एका अंगावर बसलं असतं, आणि मग कुणीच मागायला आलं नसतं.

"मामा, जरा बाहेर चल," ती म्हणाली.

बाहेर वारा सुटला होता. तिने गवतातली पहार उचलली, फळी काढली, आणि पहार त्याच्या हातात दिली. "इथे. हळूच टेकव."

त्याने टेकवली. ती आत गेली. तो तसाच उभा राहिला, दोन्ही हात पहारीवर. मागोमाग वेइयो आला होता; त्याने वाकून कुजका भुसा बोटांत चोळला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

"कुठवर आहे?" एन्सिओने विचारलं.

"या बाजूला सगळं. त्या बाजूचं मी अजून बघितलं नाही. हिंमत झाली नाही."

इलोना दारात आली होती. ती पायऱ्या उतरली, ओल्या गवतात मोज्यांनीच गुडघे टेकून बसली, आणि हात आत घालून चाचपू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "खालचे दोन. तिसरा अजून खणखणीत आहे. जोत्याखाली पाणी साचतंय. दगड खचलेत."

"खालचे ओंडके इथेच बदलता येतील?" सिनिक्काने विचारलं.

"येतील. पण त्यासाठी सगळं घर उतरवावंच लागेल. जोतं पहिल्यापासून घालावं लागेल. चार माणसांचं ते काम नाही." ती सिनिक्काकडे पाहून म्हणाली, "तुम्ही छप्पर इतकं जपलंत म्हणून वरचं सगळं टिकलंय. एवढं जुनं लाकूड इतकं कोरडं मी पाहिलं नाही."

सिनिक्का दुसरीकडे वळली. वीस वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते घर न्यायला आलेल्या बाईने.

"देऊ या," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला ओळखू आला नाही. "मामा, मी म्हणतेय, देऊ या."

"बाबांनी हे ज्यासाठी आणलं—" एन्सिओ बोलू लागला.

"बाबांनी हे कशासाठी आणलं ते मला विचार," वरून आवाज आला. तुओवी पडवीत येऊन उभी होती, हातात अजून बटाट्याची सुरी. "तू तेव्हा जन्मला नव्हतास."

तिला खुर्ची आणून दिली. ती बसली.

"त्यांना विमानांचं वेड नव्हतं रे. विमानतळ बंद झालं तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवला आणि ते टोपी घालून गेले. झालं. बाबा दहा वर्षं उतारूंना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पाण्यातून चालले होते, बायकांचे बूट भिजू नयेत म्हणून. त्यांना कुणी विचारलं नाही की आता खाणार काय. हे घर त्यांनी घेतलं कारण लाकूड सुकं होतं आणि पडत्या भावात मिळालं. पुढे वरून विमान गेलं तर ते मान वर करायचे नाहीत. आणि कूसलुओतो त्या तिकडे आहे ना? त्या बाजूला बघा, या घराला एक तरी खिडकी ठेवली का त्यांनी?"

सगळ्यांनी पाहिलं. खाडीकडची भिंत सलग होती. सिनिक्काने तिला कितीदा डांबर लावलं होतं, तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मला कधी सांगितलं नाहीस," एन्सिओ म्हणाला.

"तुला बाबा फार आवडायचे. आणि तुला आवडायचे ते बाबाही खोटे नव्हते. करवत घेऊन आले ते तेच." तिने सुरी मांडीवर ठेवली. "त्या विमानतळावर जीव होता तो आईचा. ती कधी विमानात बसली नाही. म्हणायची, मी माणसं बघितलीत, मला हवेत जायची काय गरज? बँकेचा साहेब असो, पाद्री असो, सगळे घाबरलेले. कप बशीवर खडखड वाजायचे. मी टेबलाखाली बसून ते ऐकायचे. आई कुणाला उभं राहू द्यायची नाही. आधी बसवायची, मग हातात गरम पाव द्यायची. म्हणायची, हातात काही असलं की माणूस कमी भितो."

वाऱ्याने वेइयोची बोट धक्क्याला आपटत होती.

"द्यायचं तर द्या," तुओवी म्हणाली. "पण बाई, एक ऐका. त्या खोलीत दोरी बांधू नका. संग्रहालयात बांधतात ना, लाल दोरी, हात लावू नका म्हणून. लोकांना आत येऊन बसू द्या. चुलीवर कॉफी असू दे."

"चूल पेटवायला आगीचे नियम आड येतात," इलोना म्हणाली.

"मग विजेची किटली ठेवा. वेइयोला विचारा, त्याला विजेचं फार."

वेइयो हसला, आणि मग नाक पुसायला पाठमोरा झाला.

"बाकांचं आणि कॉफीचं मी नक्की करीन," इलोना म्हणाली. "तो शब्द माझा." ती एन्सिओकडे वळली. "खिडकीचं मी लिहीन. ठेवावी असं लिहीन, आणि का, तेही लिहीन. पण ठरवणार समिती. ते हो म्हणतील असं मी सांगू शकत नाही. सांगितलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

एन्सिओने एकदा भिंतीकडे पाहिलं. मग त्याने टाय सैल केला, काढला, आणि खिशात घातला.

"लिहा," तो म्हणाला. "नाही म्हणाले तर नाही. तिसरा ओंडका खणखणीत आहे म्हणालात ना? मग उशीर नको. ताई?"

"माझं झालं सांगून," तुओवी म्हणाली. "बटाटे शिजले असतील. बाई, तुम्ही जेवून जा."

शेपू घातलेलं मासळीचं सार सगळ्यांनी मिळून खाल्लं. इलोनाने पुढचं सांगितलं: कागद टपालाने येतील, वसंतात तराफा येईल. पूर्वीसारखं बर्फावरून नेता येणार नाही. खाडी आता घोडा पेलण्याइतकी कुठे गोठते? जाताना तिचे मोजे अजून ओले होते, म्हणून तुओवीने तिला स्वतः विणलेली लोकरीची जोडी घालायला लावली आणि परत आणू नका म्हणून बजावलं.

समितीने खिडकीला नकार दिला. पण ती गोष्ट हिवाळ्यातली. त्या शनिवारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी एन्सिओने शब्द फिरवला नसता.

इलोनाची बोट दिसेनाशी झाली तसं ज्याने त्याने आपापलं काम हाती घेतलं. तुओवी आणि एन्सिओ भांडी पुसत आत बसले; मधूनच त्याचा प्रश्न ऐकू यायचा आणि तिचं लांबलचक उत्तर. बहुधा बाबांबद्दल. सिनिक्काने गाद्या वर टांगल्या, पाइप रिकामे केले. मग मागून कुऱ्हाडीचा आवाज येऊ लागला म्हणून ती लाकडांच्या खोपटाकडे गेली.

वेइयो शर्टाच्या बाह्या सारून लाकडं फोडत होता. बर्चच्या लाकडाचा ठोकळा ठेवायचा, घाव घालायचा, दोन तुकडे बाजूला, पुन्हा ठोकळा. शेजारी बराच ढीग झाला होता. दर वर्षी इर्जिकीत पुढच्या उन्हाळ्याची लाकडं तोच फोडून ठेवायचा, हे तिच्या ध्यानात होतं. पण या वर्षी कशाला, ते कळेना.

"वेइयो, पुढच्या उन्हाळ्यात चूल कुठली?"

तो थांबला नाही. "सौना राहणार ना. त्याला लागतील."

सौनाला या ढिगाचा चौथा हिस्सासुद्धा लागला नसता. ते त्यालाही ठाऊक होतं. त्याचा चेहरा घामाने ओला होता, नुसत्या घामाने नाही, आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. विजेचं घर हवं म्हणून हट्ट धरणारा हा तिचा भाऊ.

सिनिक्काने हातमोजे चढवले. फोडलेले तुकडे उचलून ती खोपटात रचू लागली, साली वर करून, आजोबांनी आईला शिकवलं आणि आईने तिला, तसे. त्याने फोडायचं, तिने रचायचं. अंधार पडायच्या आत खोपट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गच्च भरलं.